जुन्या चित्रांतील पद्म आणि उत्पल

जुन्या चित्रांच्या आणि सचित्र पोथ्यांच्या ज्या याद्या आजवर झाल्या, त्यांतील वर्णनें चाळतांना एक शब्द पुनःपुन्हां भेटतो. हातांत कमळ, खालीं कमळांचें तळें, कोपऱ्यांत कमळाचें फूल. देवता कोणतीही असो, वेळ दिवसाची असो वा रात्रीची, फूल तांबडें असो, पांढरें असो वा निळें, यादीकार कमळ एवढेंच लिहून पुढील पानाकडे वळतो. चित्रकारानें मात्र पुष्कळदां दोन निराळ्या जातींचीं फुलें काढलेलीं असतात, आणि तीं निराळीं काढण्यास त्याला कारण असतें. पद्म आणि उत्पल हा तो भेद होय. हा भेद नोंदींत उतरला नाहीं तर चित्रांतील देवता, प्रहर आणि कित्येकदां चित्राचा काळ, या तिहींविषयींचा पुरावा हातचा जातो, असें प्रस्तुत लेखकाचें मत आहे, आणि तें येथें मांडण्याचें योजिलें आहे.

प्रथम कोशाची साक्ष घेऊं. अमरसिंहानें प्रथम कांडाच्या वारिवर्गांत जलपुष्पांचीं नांवें दिलीं आहेत. पाठशाळेंत हा वर्ग मुखोद्गत करून घेतात, परंतु त्यांतील क्रमाकडे विद्यार्थ्याचें लक्ष कोणी वेधीत नाहीं. अमर आधीं सौगंधिक, कल्हार, हल्लक हीं नांवें सांगतो; मग उत्पल व कुवलय; त्यांत निळें तें इंदीवर, पांढरें तें कुमुद किंवा कैरव; आणि या सर्वांच्या कंदाला शालूक असें स्वतंत्र नांव देऊन तो हा गट आटोपतो. मध्यें पाण्यावर तरंगणारी कुंभिका व शेवाळ यांना जागा देऊन झाल्यावर दुसरा गट येतो. पद्म, नलिन, अरविंद, कमल, तामरस इत्यादि; पांढरें तें पुंडरीक, तांबडें तें कोकनद. या गटाच्या कंदाला करहाट, आणि बीजकोशाला वराटक. पद्माच्या पर्यायांत महोत्पल व कोकनदाच्या पर्यायांत रक्तोत्पल हे शब्द येतात हें खरें. नांवांची ही सरमिसळ कवींनीं पुढें फार वाढविली. तथापि कंद दोन आणि बीजकोशाचें नांव एकाच गटाला, ही व्यवस्था तळें स्वतः पाहिलेल्या माणसाची आहे. (करहाट शब्दावरून कऱ्हाडच्या करहाटक या शिलालेखांतील नांवाची व्युत्पत्ति लावण्याचा मोह कोणासही होईल, येथें तो आवरलेला बरा.)

अमराला जें दिसलें तें युरोपांतील पंडितांस उशिरां दिसलें. स्वीडनच्या लिनीअसनें १७५३ सालीं दोन्ही वनस्पती निंफिआ या एकाच गणांत घातल्या. आदांसाँ या फ्रेंच शास्त्रज्ञानें १७६३ सालीं पद्माचा गण वेगळा काढला, आणि १७८८ सालीं गेर्टनरनें त्याला आज प्रचलित असलेलें नेलुंबो न्यूसिफेरा हें नांव दिलें. आतांचें वनस्पतिशास्त्र याच्याही पुढें गेलें आहे. पेशींतील द्रव्याच्या परीक्षेवरून १९९८ सालीं जें नवें वर्गीकरण प्रसिद्ध झालें, त्यांत पद्म उत्पलापासून फारच दूर गेलें असून काश्मिरांतील चिनार वृक्ष त्याच्या जवळच्या आप्तांत बसला आहे. पाण्यांत राहून दोघांचें रूप सारखें झालें; कुळें मूळचींच निराळीं.

आतां पुस्तक मिटून तळ्याकडे वळूं. उमरोळी हें पालघर व बोईसर यांच्या दरम्यानचें लहानसें रेल्वेस्थानक आहे. राजवाड्यांनीं १९२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या महिकावतीच्या बखरीमुळें उत्तर कोंकणचा हा मुलूख वाचकांस परिचित आहेच. येथील तळ्यांत आणि भातखाचरांच्या कडेच्या डबक्यांत पावसाळा लागल्यावर जें फूल दिसूं लागतें, त्याला सारा गांव कमळ म्हणतो, पण तें उत्पल होय. दोहोंतील भेद पाहण्यास फुलापेक्षां पान अधिक उपयोगी. उत्पलाचें पान पाण्यावर सपाट पडून राहतें आणि देंठापासून कांठापर्यंत त्याला एक खांच असते, जणू पोळीचा एक निमुळता तुकडा कोणीं काढून नेला आहे. पद्माचें पान पुरतें वाटोळें असतें; देंठ त्याच्या मध्यावर खालून जोडलेला असतो; कोवळेपणीं तें पाण्यावर तरंगतें, पण वाढल्यावर छत्रीसारखें वर उभें राहतें, आणि वाऱ्यानें त्याचा कांठ दुमडतो. त्यावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा लोळतो. म्हणून पान नुसतें तरंगतें आहे एवढ्यावरून निर्णय करूं नये, खांच पाहावी. फुलांत पाहावयाचें तर पद्माची पाकळी रुंद व होडीच्या आकाराची, उत्पलाची अरुंद व टोंकदार. पद्माच्या मध्यावर सपाट माथ्याची कर्णिका असते आणि तींत बियांचे ठिपके दिसतात. उत्पलाला अशी कर्णिका नाहीं, त्याचें फळ पाण्याखालीं पिकतें. पद्माच्या देंठावर बारीक कांटे, उत्पलाचा देंठ गुळगुळीत. कांटे चित्रांत क्वचितच उतरतात, पण कर्णिका आणि खांच हीं लक्षणें अगदीं साधा चितारीही सोडीत नाहीं.

रंगाची गोष्ट शेवटीं घ्यावी. एवढें मात्र लक्षांत असावें कीं निळें पद्म सृष्टींत नाहीं. जेथें फूल खरोखर निळें आहे, तेथें चितारी इंदीवराकडे पाहत होता असें प्रथम मानावें.

हा भेद चित्रशास्त्रास मान्य होता काय? विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडांत चित्रसूत्र नांवाचें प्रकरण आहे. मुंबईच्या वेंकटेश्वर छापखान्यानें हें पुराण १९१२ सालीं छापलें. स्टेला क्रामरिश यांचें चित्रसूत्राचें इंग्रजी भाषांतर १९२४ सालीं कलकत्त्याहून निघालें. आणि प्रियबाला शाह यांनीं संशोधिलेला तिसरा खंड बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेंत १९५८ सालीं प्रसिद्ध झाला. कोणती वस्तु कोणत्या चिन्हांनीं दाखवावी हें सांगतांना तेथें जलाशयासाठीं मासे, कांसवें व कमळें सांगितलीं आहेत, आणि चांदणें दाखवावयाचें असल्यास कुमुद उमललेलें व पद्म मिटलेलें काढावें असा स्पष्ट निर्देश आहे. आमच्या जुन्या चित्रांत रात्र काळोखानें दाखवीत नाहींत. माणसें दिवसासारखींच उजळ असतात. रात्र ओळखावयाची ती चंद्र, समई, मशाल आणि फूल यांवरून. चंद्राचा कोपरा किडीनें खाल्ला, समई पुसट झाली, तर खालच्या तळ्यांतील फूल हेंच काय तें घड्याळ उरतें.

हा नियम पडताळून पाहण्यास पहांटे तळ्यावर जावें लागतें. पांढरें कुमुद सायंकाळीं उमलतें आणि दुसऱ्या दिवशीं बराच वेळ उघडें राहून मग मिटतें. पद्म सकाळीं उमलतें. म्हणजे प्रभातकाळीं थोडा वेळ दोन्ही उघडीं असतात. ललित रागिणीच्या चित्रांत नायक पहांटेस नायिकेला निजलेली सोडून निघतो. अशा चित्रांत दोन्ही फुलें अर्धवट उघडीं दिसलीं तर चितारी गोंधळला असें म्हणूं नये, त्यानें घटका साधली आहे. निळ्या इंदीवराची गोष्ट आणखी वेगळी. कवींनीं कुवलयमात्राला चंद्राचें सोयरें करून टाकलें, परंतु आमच्याकडील निळें उत्पल सकाळीं उमलतें आणि दुपार कलल्यावर मिटतें. त्यामुळें दिवसाच्या प्रसंगांत निळें फूल उघडें आढळलें तर चितारी काव्यापेक्षां तळ्याशीं अधिक प्रामाणिक राहिला, इतकेंच म्हणतां येईल.

नियम मोडलेलीं चित्रेंही आहेत. नाथद्वाऱ्याच्या कित्येक शरत्पूर्णिमेच्या पिछवायांत वर पूर्णचंद्र असून खालीं तांबडीं पद्में पुरतीं उमललेलीं असतात. हें अज्ञान मानण्यास माझें मन घेत नाहीं. रासाच्या रात्रीं सृष्टीचा क्रम थांबला असा भाव तेथें असावा, आणि सेवेच्या वस्त्रावर मिटलेलें फूल काढावें तरी कसें? प्रांतांतला दुसरा टोंकाचा दाखला आमच्या पालघर जिल्ह्यांतच आहे. (हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाणें जिल्ह्यांतून वेगळा झाला.) वारली लोक गेरूनें सारविलेल्या भिंतीवर तांदुळाच्या पिठानें चित्रें काढतात. लग्नाच्या चौकांत पालघाट देवी असते. गंजाड येथील जिव्या सोमा म्हशे (१९३४–२०१८) यांनीं हीच कला कागदावर व कापडावर आणून जगभर नेली. त्यांस २०११ सालीं पद्मश्री मिळाली. त्यांचें मासे धरण्याच्या जाळ्याचें चित्र ज्यानें पाहिलें असेल त्याला पटेल कीं पाणी सांगण्यासाठीं कमळाची गरज नाहीं. जाळें आणि त्यांतले मासे पुरेसे आहेत. चित्रसूत्राची परंपरा एका वाटेनें जाते, ही दुसऱ्या वाटेनें.

आपल्या प्रांतांत चित्रांतील जलपुष्पांचा खरा ठेवा अजिंठ्यास आहे. तेथील दुसऱ्या कालखंडाचीं लेणीं वाकाटक हरिषेणाच्या वेळचीं, म्हणजे पांचव्या शतकाच्या उत्तरार्धांतलीं. १७ व्या लेण्यांत हंस जातक व षड्दंत जातक हीं दोन्ही चित्रित आहेत, आणि दोन्ही कथा तळ्यावांचून चालत नाहींत. हंस जातकांतलें तळें राजानें हंस धरण्यासाठीं मुद्दाम तयार करविलेलें. षड्दंत जातकांत तर गजराजानें एका राणीस कमळ दिलें म्हणून दुसरी रुसली, आणि त्या एका फुलापायीं तिनें पुढच्या जन्मीं त्याचे सुळे आणविले. षड्दंताची कथा १० व्या लेण्यांतही असून तें चित्र कित्येक शतकें आधींचें आहे. एकाच विषयावरील दोन काळांचीं तळीं एकाच दरींत पाहावयास मिळावीं, हें संशोधकाचें भाग्यच म्हणावयाचें. पहिल्या लेण्याच्या छतावर कमळांत धांवणारा हत्ती प्रसिद्ध आहे. छतांवरील मोठीं चक्राकार कमळें मात्र निराळ्या वर्गांत धरावीं. तीं वरून पाहिलेलीं, मध्यें कर्णिका असलेलीं पद्में होत; त्यांत प्रहर शोधूं नये.

याच पहिल्या लेण्यांतील बोधिसत्त्वाच्या चित्राला पद्मपाणि म्हणतात. त्याच्या उजव्या हातांतील फुलाचें वर्णन मात्र पुष्कळ ग्रंथकार नीलकमळ असें करतात. या दोन गोष्टी शेजारीं ठेवल्या कीं अडचण ध्यानांत येते. पद्म असेल तर तें निळें कसें, आणि निळें असेल तर पद्म कसें? येथें रंगावर भिस्त ठेवणें धोक्याचें आहे. अजिंठ्याचा निळा रंग राजावर्ताचा, बदख्शानकडून आलेल्या दगडाचा. तो टिकाऊ खरा, पण भिंतीवर पुढें काय काय चढलें हें पाहिलें पाहिजे. एकोणिसाव्या शतकांत नकला करणारांनीं चित्रांवर रोगण फिरविलें. निजाम सरकारनें १९२० ते १९२२ या काळांत चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांकडून दुरुस्ती करविली, तींतही लाखेचें रोगण वापरलें गेलें. असें रोगण कालांतरानें पिवळें पडतें, आणि पिवळ्याखालचा निळा हिरवट दिसूं लागतो. पुढें पुरातत्त्व खात्यास हे थर काढण्याचें काम करावें लागलें. म्हणून या फुलाचा विचार करणारानें आधीं पाकळीची रुंदी व टोंक पाहावें, रंग मागाहून. पद्मपाणि हें नांव विद्वानांनीं दिलेलें आहे. नांवावरून फूल ठरविणें म्हणजे गाडीमागें बैल जोडणें होय.

नकलांचीही कथा ऐकण्यासारखी आहे. रॉबर्ट गिलनें १८४४ पासून वर्षानुवर्षें राबून केलेल्या नकलांपैकीं बहुतेक लंडनच्या स्फटिकप्रासादांत १८६६ च्या अखेरीस जळाल्या. पुढें जॉन ग्रिफिथ्स व मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी यांनीं १८७२ ते १८८५ पर्यंत पुन्हां नकला केल्या. त्यांतीलही पुष्कळ १८८५ सालीं लंडनांतच आगींत गेल्या. ग्रिफिथ्सचे दोन खंड १८९६–९७ सालीं निघाले. भिंतीवरचा भाग झडून गेला असेल तेथें नक्कल हाच पुरावा. परंतु नक्कल करणाराला पानाची खांच महत्त्वाची वाटली होती काय, हें प्रत्येक वेळीं तपासलें पाहिजे. फुलाकडे सर्वांचें लक्ष जातें, पान सुशोभनासाठीं वाटोळें करून टाकण्याचा मोह मोठमोठ्यांस आवरत नाहीं.

पानाफुलासकट, कंदासकट चित्र काढण्याची युरोपीय रीत मलबारांत आली ती आपल्या भाषेच्या सोयऱ्यांच्या साक्षीनें, ही गोष्ट हस्तलिखितप्रेमी वाचकांस सांगितली पाहिजे. कोचीनचा डच अधिकारी हेंड्रिक व्हान रेडे यानें होर्तुस मलबारिकुस हा बारा खंडांचा ग्रंथ १६७८ ते १६९३ या काळांत आम्स्टरडाम येथें छापविला. त्याच्या साह्यकर्त्यांत रंगभट, विनायक पंडित व अप्पुभट हे तीन कोंकणी वैद्य होते. त्यांचें १६७५ च्या एप्रिलांतील नागरी लिपींतलें प्रशस्तिपत्र पहिल्या खंडांत कोरून छापलें आहे. अकराव्या खंडांत पाणवनस्पती आहेत. तेथें तामर, आंबेल, चितांबेल अशा मलयाळी नांवांखालीं पद्म आणि उत्पलाच्या जाती निरनिराळ्या पटांवर दाखविल्या आहेत. लिनीअसनें पुढें दोहोंना एका गणांत घातलें, तरी हे पट त्याच्यापूर्वीं साठ वर्षें छापून झाले होते. हा खंड १६९२ सालीं निघाला, तेव्हां रेडे हयात नव्हता. १६९१ च्या डिसेंबरांत मुंबईनजीक समुद्रावर त्याचा अंत झाला व सुरतेस दफन झालें. त्याचें शव नेणारें जहाज आमच्या याच तारापूर-डहाणूच्या किनाऱ्यावरून गेलें असणार.

कालनिर्णयाविषयीं दोन शब्द. संग्राहकांकडे जुन्या म्हणून येणाऱ्या चित्रांत आतां नवीं पुष्कळ असतात, आणि कागद जुना मिळविणें विक्रेत्यांस अवघड नाहीं. तळ्यांत जांभळ्या फुलांचे तुरे व फुगीर देंठांचीं गुच्छाकार पानें असतील तर ती दक्षिण अमेरिकेची जलपर्णी होय. ती हिंदुस्थानांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आली. पेशवाईंतल्या चित्रांत तिला स्थान नाहीं. अमराची वारिपर्णी किंवा कुंभिका ही निराळी, लहान कोबीच्या गड्ड्यासारखी तरंगणारी वनस्पति. नांवाच्या साम्यामुळें जुन्या ग्रंथांतील वारिपर्णीचा अर्थ जलपर्णी असा करणारे भाषांतरकार भेटतात, त्यांपासून सावध असावें. परातीसारखा कांठ वर उचललेलें प्रचंड पान दिसलें तर तें व्हिक्टोरिया. तें इंग्लंडांत प्रथम फुललें १८४९ सालीं. आणि उद्यानांतून हल्लीं दिसणारीं पुष्कळ गुलाबी-पिवळीं उत्पलें संकराचीं आहेत. फ्रान्समधील लातूर-मार्लियाक या माळ्यानें असे संकर करून १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनांत मांडले, आणि क्लोद मोने या चित्रकारानें जिव्हेर्नी येथें १८९३ सालीं तळ्यासाठीं जागा घेऊन पुढें आयुष्याच्या अखेरपर्यंत तींच रंगविलीं. त्याचीं मोठीं चित्रें १९२७ पासून पॅरिसच्या ओरांजरींत आहेत. तेथें देवता नाहीं, कथा नाहीं, तीरही नाहीं. पानाची खांच मात्र रंगाच्या फटकाऱ्यांतूनही कित्येक ठिकाणीं ओळखूं येते. बोईसरच्या कारखान्यांच्या परिसरांत ज्या डबक्यांवर जलपर्णी पसरली आहे, तेथें उत्पलाचें पान शोधूनही सांपडत नाहीं. चित्र ताडून पाहण्यास जें मूळ लागतें तेंच नाहींसें होत आहे, तेव्हां ज्यांच्या गांवीं तें अद्याप आहे त्यांनीं पानाफुलांचीं मापें व उमलण्याच्या वेळा टिपून ठेवाव्या.

शेवटीं देवतांचा प्रश्न, कारण फूल चुकलें कीं देवता चुकते. सूर्याच्या दोन्ही हातांत पद्म. लक्ष्मीच्या हातांत पद्म. अवलोकितेश्वराच्या हातांत पद्म. परंतु श्यामतारेचें फूल उत्पल आहे, आणि मंजुश्रीचेंही उत्पलच. कान्हेरीच्या ९० व्या लेण्यांत अवलोकितेश्वराजवळ तारा कोरली आहे, तेथें जाणारानें तिच्या हातांतील फूल निरखून पाहावें. वैष्णव संप्रदायांत विष्णूच्या उजवीकडे श्रीदेवी पद्म घेऊन, आणि डावीकडे भूदेवी नीलोत्पल घेऊन उभी असते.

वसईच्या बाजूस एका घरीं सचित्र पोथीचीं सुटीं पानें मला पाहावयास मिळालीं. बरोबर एक यादी होती. तींत एका पानासमोर दोन लक्ष्म्या, चित्रकाराची चूक, असा शेरा होता, आणि सदोष म्हणून तें पान गठ्ठ्यांतून काढून एका विक्रेत्यास देण्याचें घाटत होतें. विष्णूच्या उजवीकडील देवी गौरवर्ण; तिच्या हातांतील फुलाच्या पाकळ्या रुंद, मध्यें पिवळी कर्णिका व तींवर सात ठिपके. डावीकडील सांवळी, तिच्या हातांतील फुलाच्या पाकळ्या सुरीच्या पात्यासारख्या अरुंद, निळ्या, कर्णिका नाहीं, आणि देंठाजवळ एक लहान पान खांचेसह काढलेलें. घरच्या वृद्ध मातोश्रींस दोन्ही फुलें दाखविलीं, तेव्हां चष्मा न लावतां त्या म्हणाल्या कीं हें दुसरें आमच्या खाचरांतलें. शेरा खोडून श्रीभूसहित विष्णु अशी नोंद केली, आणि पान गठ्ठ्यांत पूर्वीच्या जागीं, सतराव्यापुढें, परत ठेवलें.